भाताचे खाचर आणि मजुरीचे दिवस : मादागास्करमधील दहा दिवस

दिवस पहिला, बुधवार : अंतानानारिव्हो

विमानतळापासून शहरापर्यंतचा रस्ता बऱ्याच अंतरापर्यंत भाताच्या खाचरांमधूनच जातो, त्यामुळे ज्या कामासाठी आलो त्याची गाठ मादागास्करमध्ये उतरल्यापासून तासाभरातच पडली. बेत्सिमितातात्रा या नावाची ही सखल जमीन मूळची दलदल. बांध घालून आणि चर खणून ती भाताखाली आणण्याचे काम इमेरिनाच्या राजांनी पिढ्यान्‌पिढ्या केले, आणि त्यात आंद्रियानांपोइनिमेरिना या राजाचे नाव आवर्जून घेतले जाते. १८१० साली वारलेल्या या राजाचे ‘समुद्र हीच माझ्या खाचराची हद्द’ हे वाक्य इथे अजून सांगितले जाते. राज्याची सीमा कुठवर न्यायची हे सांगतानाही ज्याला खाचराचा बांधच आठवतो, त्याच्या मुलखात जाऊन भाताविषयी कुणाला काही शिकवणे हा जरा आगाऊपणाच आहे, अशी पहिली नोंद मी त्या संध्याकाळी वहीत केली.

आम्ही तिघे होतो, आणि तिघेही वेगवेगळ्या देशांत लहान शेतकऱ्यांबरोबर सेंद्रिय भाताचे काम करणारे. ज्या पद्धतीचा प्रसार आम्ही गेली काही वर्षे करत आहोत, ती श्री पद्धत (इंग्रजीत ‘सिस्टिम ऑफ राइस इंटेन्सिफिकेशन’; कोवळी रोपे एकेक करून दूर दूर लावायची आणि खाचरात पाणी तुंबवून ठेवायचे नाही, अशी भातशेती) याच बेटावर जन्मली. १९९९ मध्ये चीन आणि इंडोनेशियात तिच्या चाचण्या झाल्या आणि तिथून ती आशिया-आफ्रिकेतल्या अनेक देशांत गेली. तिच्या जन्मगावी मात्र ती करून पाहिलेल्या कितीतरी शेतकऱ्यांनी पुढे सोडून दिली. असे का झाले, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे आणि दोन गावांत लावणीच्या प्रात्यक्षिकाला हातभार लावायचा, असा दौऱ्याचा बेत होता.

दिवस दुसरा, गुरुवार : अंत्सिराबेच्या वाटेवर

राजधानीपासून दक्षिणेला सुमारे १७० किलोमीटरवर अंत्सिराबे आहे. वाटेत आंबातोलांपी लागते. तिथे भंगारातले ॲल्युमिनियम वितळवून भात शिजवायची पातेली ओततात आणि रस्त्याच्या कडेला त्यांच्या उतरंडी रचून ठेवतात. लाल मातीच्या टेकड्यांवर झाडी जवळजवळ नाही, पण दोन टेकड्यांमधली प्रत्येक घळ खाचरांनी भरलेली. नोव्हेंबर संपत आला होता. कुठे झेबू बैलांचा कळप गोल गोल फिरवून पायांनीच चिखलणी चालली होती, तर कुठे पुरुष लांब दांड्याच्या ‘अंगादी’ या फावड्याने ढेकळे उलटत होते.

गाडीत आमच्या दुभाषाने आंरी द लोलानिये यांची हकिकत सांगितली. मला ती माहीत होती, तरी इथल्या माणसाकडून ऐकताना तिच्यातला योगायोगाचा भाग जास्त जाणवला. लोलानिये हे फ्रेंच जेझुइट पाद्री, धर्मसंघात येण्यापूर्वी शेतीशास्त्र शिकलेले. १९६१ मध्ये ते मादागास्करला आले आणि पुढची दोन दशके शेतकऱ्यांची खाचरे बघत राहिले. काही शेतकरी बी वाचवण्यासाठी एका चुडात, म्हणजे एका जागी, एकच रोप लावतात, काही ठिकाणी खाचरात सतत पाणी तुंबवून ठेवत नाहीत, अशा सुट्या सुट्या गोष्टी त्यांनी टिपून ठेवल्या. १९८१ मध्ये त्यांनी अंत्सिराबेला ग्रामीण तरुणांसाठी शाळा काढली, आणि १९८३ च्या हंगामात अवर्षणामुळे तिथे अवघी पंधरा दिवसांची रोपे लावावी लागली. इतक्या कोवळ्या रोपांचे काही खरे नाही असे सर्वांनाच वाटले होते, पण महिन्याभराने त्यांना इतके फुटवे, म्हणजे बुडातून फुटणारे नवे कोंब, आले की चूक झाली म्हणून सोडून द्यायचे काम पद्धत म्हणून पुढे चालू राहिले. सुरुवातीला ते रासायनिक खतही वापरत. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सरकारने खताचे अनुदान काढून घेतल्यावर ते कंपोस्टकडे वळले, तेव्हा या पद्धतीचे सेंद्रिय रूप परवडत नसल्यातून आले आहे, तत्त्वज्ञानातून आलेले नाही. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण आम्हा प्रसारकांना नेमका याचाच विसर पडतो.

दिवस तिसरा, शुक्रवार : लावणी

सकाळी सहाला खाचरावर पोहोचलो. एका विधवा बाईंचे हे खाचर, पाच लहान तुकड्यांत विभागलेले. त्यांतल्या एका तुकड्यात कोवळ्या रोपांची लावणी करायला त्या तयार झाल्या होत्या. उरलेल्या चार तुकड्यांसाठी मोठी रोपे नेहमीच्या तरव्यात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, वाढत होती.

कोवळ्या रोपांचा तरवा मात्र खाचराच्या बांधालगतच होता, वाफा कसला, रुंद ताटच म्हणावे. एक दिवस पाण्यात भिजवलेले आणि मग उबेला ठेवून मोड आणलेले बी, शेणखत आणि माती यांच्या थरावर विरळ फेकलेले. वर पेंढ्याचे आच्छादन. दहा दिवसांची रोपे बोटभर उंचीची, प्रत्येकाला जेमतेम दोन-अडीच पाने. बाईंनी ती उपटली नाहीत. फावड्याच्या पात्याने मातीसकट पातळ थर उचलून सुपात ठेवला, जसा तव्यावरून घावन उचलावा तसा, आणि थेट चिखलात उतरल्या. तरव्यातून निघाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत रोप जमिनीत गेले पाहिजे असे आम्ही सगळीकडे सांगत फिरतो. इथे दहा मिनिटेही लागली नाहीत.

खाचरात पाणी नव्हते, फक्त साईसारखा मऊ चिखल होता. लाकडी दंताळे आधी उभे आणि मग आडवे ओढून पंचवीस सेंटिमीटरचे चौकोन आखले होते, आणि जिथे दोन रेषा एकमेकींना छेदतात तिथे एक रोप, एकच. बियाचे टरफलही अजून चिकटलेले असते, ते सुटू द्यायचे नाही. रोप खाली दाबायचे नाही, आडवे सरकवायचे, म्हणजे मूळ जमिनीच्या लगत पसरते. दाबले तर मुळाचे टोक माशाच्या गळासारखे वर वळते आणि पुन्हा खाली वळण्यात रोपाचा आठवडा जातो. हे सांगायला एक वाक्य पुरते, करायला मात्र हाताची वीस वर्षांची सवय मोडावी लागते. लावणीला आलेल्या बायकांचा अंगठा आणि दोन बोटे चार-पाच मोठ्या रोपांचा चूड चिखलात खुपसण्याला सरावलेली. त्या वेगाने त्यांनी दहा रोपे लावली, थांबल्या, हसल्या आणि ती काढून पुन्हा लावली. मी एक ओळ लावली. ती पुरी झाल्यावर मागे पाहिले, तर एक वृद्ध बाई माझ्या मागून येऊन, काही न बोलता, माझी तीन रोपे नीट करत होत्या.

कोवळ्या रोपाचे रहस्य फुटव्यांच्या हिशेबात आहे. कातायामा नावाच्या जपानी संशोधकाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भाताच्या फुटव्यांचा क्रम अभ्यासला होता. भाताचे फुटवे ठरावीक लयीत येतात, प्रत्येक फुटवा पुढच्या फुटव्याला जन्म देतो, त्यामुळे संख्या आधी हळू आणि मग झपाट्याने वाढते. चौथे पान येण्याआधी रोप हलवले तर ही साखळी तुटत नाही. महिना-दीड महिन्याचे रोप उपटताना मुळे तुटतात, ते सावरेपर्यंत लयीतल्या पहिल्या पायऱ्या हुकलेल्या असतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची सगळी पुढची वंशावळही जाते. पाणी सतत तुंबवून न ठेवण्याचे कारणही मुळांशीच आहे, कारण बुडालेल्या मातीत हवा नसते आणि अशा मातीत भाताच्या मुळांचा बराचसा भाग हळूहळू कुजतो.

दुपारी बाराला तुकडा पुरा झाला. बांधावरून पाहिले तर खाचर रिकामेच दिसत होते. शेजारच्या खाचरातल्या माणसाने मोठ्याने काहीतरी विचारले आणि बायका खळखळून हसल्या. दुभाषाने भाषांतर केले : “भात लावलाय की केस गळतायत?”

दिवस चौथा, शनिवार : शेणखत

मादागास्करमधले बहुतेक लहान शेतकरी रासायनिक खत घालतच नाहीत, कारण ते घेण्याची ऐपत नाही. शहरात बसून पाहणाऱ्याला ही सारी शेती आयतीच सेंद्रिय वाटेल. पण खाचरातून दरवर्षी धान्य आणि पेंढा उचलायचा आणि परत काहीच द्यायचे नाही, याला मी सेंद्रिय शेती म्हणणार नाही; ती जमिनीची उपासमार आहे. इथल्या लाल मातीत स्फुरद (फॉस्फरस) आधीच कमी, त्यात ही भर.

अंत्सिराबेच्या परिसरात निदान शेण आहे. हा देशातला दुधाचा पट्टा; थंड हवा, बटाटा, गाजर, सातू आणि घरटी एखादी गाय. ज्या शेतकऱ्याकडे आम्ही गेलो त्यांनी घरामागे तीन खड्डे केले होते. डोंगरावरचे ‘बोझाका’ हे गवत, पेंढा, चुलीतली राख आणि गोठ्यातले शेण यांचे थर, वर केळीची पाने. खड्डा उकरून त्यांनी मूठभर खत माझ्या हातावर ठेवले. ते काळे, भुसभुशीत आणि अजून किंचित कोमट होते, आणि त्याला शेणाचा वास मुळीच नव्हता.

त्यांची युक्ती अशी की हे खत ते भाताला घालतच नाहीत. भात निघाल्यावर त्याच खाचरात थंडीत बटाटा लावतात आणि सगळे खत बटाट्याला देतात. बटाट्याचे पैसे लगेच हातात येतात, आणि जमिनीत उरलेल्या खतावर पुढचा भात पोसला जातो. लोलानिये यांनी आणि १९९० मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर स्थापन झालेल्या ‘तेफी साइना’ या संस्थेने हीच शिफारस केली होती. संस्थेच्या नावाचा अर्थ मनाची मशागत असा काहीसा आहे. खत वाहून नेण्याचे कष्ट शेतकरी बटाट्यासाठी आनंदाने घेतो, भातासाठी घेत नाही, हे त्या मंडळींनी ओळखले होते. नुसते ‘भाताला हेक्टरी इतके कंपोस्ट घाला’ असे छापून वाटणाऱ्या आमच्या पत्रकांत ही समज कुठेच नाही.

निघताना गोठ्याच्या भिंतीला टेकवलेले एक हातकोळपे दिसले. फिरत्या दातांचे हे अवजार दोन ओळींमधून ढकलत नेले की तण उपटून चिखलात गाडले जाते आणि मातीत हवाही खेळते; श्री पद्धतीत पाणी उथळ असल्याने तण उदंड येते, तेव्हा या अवजारावाचून ती चालणे कठीण. कुठल्याशा प्रकल्पाने ही कोळपी वाटली होती. दुसऱ्या हंगामात चाकाचा आस झिजला, तोवर प्रकल्प संपला होता आणि सुटा भाग मिळेना. मालकाने कोळप्याचा दांडा काढून अंगादीला लावला होता, आणि दांडा चांगल्या लाकडाचा होता हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

दिवस पाचवा, रविवार

दिवसभर गाडीत. आंबोसित्राच्या पुढे बेत्सिलेओ लोकांची पायऱ्यापायऱ्यांची खाचरे सुरू होतात; डोंगर माथ्यापर्यंत कोरलेला, पाणी एका बांधातून खालच्या बांधात उतरते. वरच्याने पाणी सोडले तरच खालच्याला मिळते, म्हणून ‘एक दिवस पाणी, तीन दिवस कोरडे’ असले वेळापत्रक इथे एकट्या शेतकऱ्याला पाळताच येणार नाही. रात्री फियानारांत्सोआला मुक्काम.

दिवस सहावा, सोमवार : रानोमाफाना

पठाराची कड उतरताच हवा दमट झाली आणि जंगल दिसू लागले. १९९१ मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झाले. भोवतालच्या तानाला लोकांची जुनी शेती म्हणजे ‘तावी’ : जंगलाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, राखेवर भात टोकायचा आणि जमीन थकली की पुढे सरकायचे. सखल खाचरात पीक वाढले तर डोंगर जाळण्याची गरज कमी होईल, या विचाराने अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातली मंडळी १९९० च्या दशकाच्या मध्यावर तेफी साइनाबरोबर इथे काम करू लागली. नॉर्मन अपहॉफ हे त्यांतले प्रमुख. पुढे ही पद्धत जगभर नेण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. जिथे हेक्टरी दोन टन पिकत असे तिथे श्री पद्धतीने सरासरी आठ टनांच्या आसपास भात आल्याचे त्यांनी कळवले.

या आकड्यांवर पुढे मोठा वाद झाला. काही कृषिशास्त्रज्ञांनी मोजणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासाने मादागास्करबाहेर ही पद्धत उत्तम प्रचलित पद्धतींहून सरस ठरत नसल्याचा निष्कर्ष काढला. माझे स्वतःचे मत मधले आहे. आठ टन मी कधी पाहिलेले नाहीत. पण बी दहापटीने कमी लागते, आणि निगा न झालेल्या खाचरात पीक दीडपट-दुप्पट झालेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. खत आणि पाणी उत्तम असलेल्या शेतकऱ्याशी ज्याची तुलना होऊच शकत नाही, त्या शेतकऱ्याला या वादाचा उपयोगही नाही. त्याचे प्रश्न वेगळे आहेत, ते दुसऱ्या दिवशी कळले.

दिवस सातवा, मंगळवार : फादी

आमचे प्रात्यक्षिक मंगळवारी ठेवले होते. सकाळी खाचरावर गेलो तर तिथे कुणीच नव्हते. या गावात मंगळवारी भाताच्या खाचरात पाय घालणे निषिद्ध, ‘फादी’, आणि हे आम्हाला सांगायला हवे होते असे कुणालाच वाटले नव्हते, कारण हे ज्याला ठाऊक नसेल असा माणूस त्यांना भेटलाच नव्हता. दिवस आम्ही ठरवला होता, अंतानानारिव्होत बसून. चूक आमची होती. दर दहा दिवसांनी कोळपणी, ठरल्या दिवशी पाणी सोडणे, असली आमची वेळापत्रके छापताना अशा दिवसांची आठवण कुणी ठेवत नाही.

मग एका घराच्या ओट्यावर बसून बोललो, आणि दौऱ्यातले सर्वांत उपयोगी बोलणे ते झाले.

पन्नाशीच्या एका बाईंनी तीन वर्षे कोवळ्या रोपांची लावणी केली होती आणि मग सोडली. पीक कमी आले का, असे मी विचारले. “नाही, जास्त आले,” त्या म्हणाल्या. मग का सोडले? त्या आत गेल्या आणि मक्याचे दाणे घेऊन आल्या. एक दाणा म्हणजे कामाचा एक दिवस. नेहमीच्या लावणीचे तीन दाणे त्यांनी एका ओळीत मांडले. खाली कोवळ्या रोपांच्या लावणीचे सात, त्याला जोडून तीन कोळपण्यांचे नऊ, आणि पाणी बघायला रोज सकाळी खाली उतरण्याचा म्हणून एक अर्धा दाणा दातांनी तोडून ठेवला. मग दोन ओळींमध्ये जो फरक उरला त्यावर हात ठेवून त्यांनी विचारले, हे दिवस कुठून आणायचे?

लावणीचे हे महिने म्हणजे मागचे धान्य संपल्याचे महिने. मालागासी भाषेत या काळाला ‘मैत्सोआहित्र’, हिरव्या गवताचा काळ, म्हणतात. डोळ्यांपुढे सगळीकडे हिरवे, आणि घरात तांदूळ नाही. या दिवसांत गरीब घरातला माणूस दुसऱ्याच्या खाचरात मजुरीला जातो आणि संध्याकाळी तांदूळ घेऊन येतो. इथे तांदूळ ‘कापोआका’ने, म्हणजे आटवलेल्या दुधाच्या रिकाम्या डब्याने मोजतात, साडेतीन डबे म्हणजे साधारण किलो. स्वतःच्या खाचरात घातलेला प्रत्येक जादा दिवस म्हणजे त्या संध्याकाळचे डबे गेले. वाढीव पीक येणार एप्रिलमध्ये. मुले आज जेवायला बसतात.

क्रिस्टीन मोझर आणि ख्रिस्टोफर बॅरेट या अर्थशास्त्रज्ञांनी मादागास्करमधल्या गावांत अभ्यास करून २००३ मध्ये हेच मांडले होते, की गरीब शेतकरी ही पद्धत सोडतात ती मजुरीच्या या ओढाताणीमुळे. तो निबंध मी पूर्वी वाचला होता, त्यावर एका कार्यशाळेत बोललोही होतो. तरीही आमच्या पत्रकावर ‘खर्च कमी’ असे ठळक छापलेलेच राहिले. पैसा कमी लागतो हे खरे, पण ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्याकडे दिवसही मोजकेच असतात, आणि आम्ही ते त्याच्या नकळत खर्ची टाकत आलो.

दिवस आठवा, बुधवार

रात्री तिघांनी बसून प्रात्यक्षिकाचा बेत बदलला. पूर्ण पद्धतीचा आग्रह सोडला. घरटी एकच लहान तुकडा, तोही घरापासून सर्वांत जवळचा, जिथे पाणी बघायला वेगळा दिवस जात नाही; दहा दिवसांच्या रोपांऐवजी पंधरा दिवसांची चालतील; ओळी एकाच दिशेने, म्हणजे आखणी निम्मी; कोळपणी दोनदा. पुस्तकी श्री पद्धतीचे हे अर्धेमुर्धे रूप आहे, आणि आमच्यातल्या एका सहकाऱ्याला ते अजिबात रुचले नाही. लोलानिये यांना इतके मानणाऱ्या माणसाला रुचू नये हे मी समजू शकतो.

श्रमाचा प्रश्न गावानेच अंशतः सोडवला. ‘वालिन-तानाना’ म्हणजे हाताची परतफेड, आपली सावड. पाच घरांनी एकमेकांच्या तुकड्यात आळीपाळीने लावणी करायचे ठरवले. मजुरी द्यायची नाही, ज्याचे खाचर त्याने दुपारचा भात घालायचा. मक्याचे दाणे मांडणाऱ्या बाई त्या पाचांत नव्हत्या. त्या बांधावर उभ्या राहून बघत होत्या आणि एकदा खाली येऊन त्यांनी एका मुलीचा हात धरून रोप आडवे कसे सरकवायचे ते दाखवले.

शेणाचा प्रश्न तसाच राहिला. या गावात गुरे थोडी आहेत. झुडपांचा पाला खाचरात गाडून पाहण्याचे ठरले, एवढेच.

दिवस नववा आणि दहावा, गुरुवार-शुक्रवार : परत अंत्सिराबे

गुरुवार पुन्हा सगळा रस्त्यात गेला. शुक्रवारी राजधानीकडे निघण्यापूर्वी मी एकटाच त्या विधवा बाईंच्या खाचरावर गेलो. लावणीला आठवडा झाला होता. रोपे फिकट पिवळी, वाऱ्याने कलंडलेली, दोन ठिकाणी खेकड्यांनी कुरतडलेली; पहिले तीन-चार आठवडे खाचर असेच केविलवाणे दिसते आणि याच काळात घाबरून शेतकरी पाणी भरून टाकतो. चिखलाला केसाएवढ्या भेगा पडू लागल्या होत्या. मी वाकून एका रोपाच्या बुडाशी पाहिले. जुन्या पानाच्या बेचक्यातून सुईच्या टोकाएवढे हिरवे काहीतरी बाहेर येत होते.

बाई बांधावरून आल्या, त्यांनी फावड्याचा एक घाव घालून पाटाचे तोंड उघडले, चिखल ओला होईपर्यंत थांबल्या आणि पुन्हा माती लोटून ते बंद केले. चार तुकड्यांतली नेहमीची लावणी पुढच्या आठवड्यात, असे त्यांनी खुणेने सांगितले. मग पदरासारखे अंगावर घेतलेले कापड कमरेला बांधून त्या शेजारच्या खाचरात उतरल्या, जिथे त्या केसांच्या थट्टेवाल्या माणसाच्या लावणीला सात-आठ बायका आधीच ओळीत उभ्या होत्या, आणि मजुरीच्या रोपांचा जुडा सोडायला लागल्या.